आपल्या गटाचे संकेतस्थळ : मजकुरात फेरबदल करताना घ्यावयाची खबरदारी

बुलढाणा जिल्ह्यातील शेतकरी पीक घेण्यात कोठेही मागे नाही. घाटाखालील मलकापूर, नांदुरा, खामगाव व शेगाव या तालुक्यांतील कपाशी असो, घाटावरील चिखली, मेहकर व लोणार या तालुक्यांतील सोयाबीन, तूर व हरभरा असो, किंवा देऊळगाव राजा व सिंदखेड राजा या भागांत शेडनेटमध्ये होणारे भाजीपाल्याचे बीजोत्पादन असो, माल पिकविण्याचे कसब आपल्या अंगी आहे. अडचण येते ती माल विकताना. पिकविणारा आणि खाणारा यांची गाठ पडत नाही, आणि मधल्या मध्ये मोल विरून जाते.

ही गाठ घालून देण्याचे प्रयत्न गेल्या काही वर्षांत पुष्कळ झाले आहेत. कंपनी कायद्यात २००२ साली दुरुस्ती होऊन शेतकऱ्यांना स्वतःची उत्पादक कंपनी स्थापन करण्याचा मार्ग मोकळा झाला. केंद्र शासनाने २०२० साली दहा हजार शेतकरी उत्पादक संघटना उभारण्याची योजना हाती घेतली व त्याच वर्षी सूक्ष्म अन्नप्रक्रिया उद्योगांना साहाय्य देणारी योजनाही सुरू झाली. त्यामुळे तूरडाळ, घाण्याचे तेल, हळद, मध, पापड व लोणची असा माल तयार करून थेट ग्राहकास विकणारे गट आता गावोगावी दिसतात. यांपैकी काही गटांनी आपले संकेतस्थळही तयार करून घेतले आहे. ही गोष्ट निःसंशय स्वागतार्ह आहे. परंतु संकेतस्थळ तयार करून घेणे हे विहीर खोदण्यासारखे आहे. ते काम एकदाच होते. त्यावरील मजकूर वेळोवेळी दुरुस्त करणे हे मात्र वर्षभराचे काम आहे, व ते कसे करावे हे फारसे कोणी सांगत नाही. प्रस्तुत लेखात त्याचाच विचार करावयाचा आहे.

एका गटाचा अनुभव

जिल्ह्यातील एका शेतकरी गटाची हकिकत येथे सांगणे उपयुक्त होईल. गट स्वतःची तूर भरडून डाळ विकतो. पाकिटे भरण्याचे काम गावातील महिला करतात. गटाने एक किलोची तीन हजार पाकिटे छापून घेतली होती व त्यांवर एक क्यूआर चिन्ह छापले होते. ग्राहकाने मोबाईल त्या चिन्हासमोर धरला की संकेतस्थळावरील तूरडाळीचे पान उघडावे, वाण कोणता, डाळ कोठे भरडली, पुन्हा मागणी कशी नोंदवावी, हे सर्व त्यास दिसावे, अशी ती योजना होती. योजना उत्तम होती व पहिल्या वर्षी तिचा चांगला उपयोगही झाला.

दुसऱ्या वर्षी गटाने हरभऱ्याची डाळही विक्रीस काढली. गटाच्या सचिवाने, जो पदवीधर व होतकरू तरुण आहे, संकेतस्थळावर नवे पान जोडले आणि सर्व पानांची नावे एका धर्तीवर असावीत म्हणून जुन्या पानाचा पत्ताही बदलला. हेतू नीटनेटकेपणाचा होता. त्याने स्वतः संकेतस्थळ उघडून पाहिले, यादीतून दोन्ही पाने बरोबर उघडली, आणि तो निश्चिंत झाला. परंतु पाकिटावर छापलेले चिन्ह जुन्याच पत्त्याकडे बोट दाखवीत होते. ऐन दिवाळीच्या आधीचे नऊ दिवस ज्याने ज्याने पाकिटावरील चिन्हासमोर मोबाईल धरला त्यास ‘पान सापडले नाही’ एवढीच ओळ दिसली.

दहाव्या दिवशी अकोल्याच्या एका नेहमीच्या ग्राहक बाईंचा फोन आला. "अहो, तुमची कंपनी बंद पडली का?" असे त्यांनी विचारले, तेव्हा हा प्रकार उघडकीस आला. दुरुस्तीस पाव तासदेखील लागला नाही. पण सणाची मागणी तोवर निघून गेली होती. दिवाळीनंतर कोठीत अकरा क्विंटल डाळ शिल्लक राहिली व ती व्यापाऱ्यास ठोक भावाने द्यावी लागली. सगळा दोष त्या एका चुकीचा होता असे म्हणता येणार नाही. तथापि बऱ्याच जणांनी मोबाईल समोर धरून पाहिला असेल व निराश होऊन दुसरीकडे मागणी नोंदविली असेल, हे उघड आहे. पाकिटे भरणाऱ्या महिलांची मजुरी त्या वर्षी संक्रांतीपर्यंत थकली.

यापुढील गोष्ट अधिक विचार करण्यासारखी आहे. झाल्या प्रकाराने गट इतका धास्तावला की "यापुढे संकेतस्थळास कोणी हात लावावयाचा नाही" असा ठराव सभेत झाला. परिणाम असा की, पुढील हंगामात तुरीचे भाव बदलले तरी संकेतस्थळावर मागील वर्षाचीच किंमत राहिली, आणि त्या किमतीस आलेल्या मागण्या गटास तोटा सोसून पुऱ्या कराव्या लागल्या. दिलेला शब्द पाळला हे गटास भूषणावह आहे. पण पहिले नुकसान घाईने झाले, तर दुसरे भीतीने झाले, हे ध्यानात घेतले पाहिजे.

शेतातही हेच आहे. डवरा चालविताना पास तासात घुसली तर उभे पीक कापले जाते. म्हणून कोणी डवरणी सोडून देत नाही. तसे केले तर तणच पिकास खाऊन टाकते. शहाणा शेतकरी बैलांना मुसक्या बांधतो, पास नीट बसवितो आणि मग बेधडक डवरतो. संकेतस्थळाचेही असेच आहे. खबरदारीची रीत एकदा ठरली म्हणजे फेरबदल वारंवार व निर्धास्तपणे करता येतात.

फेरबदल कोणी करावा

सर्वसाधारणपणे लहान उद्योगांची संकेतस्थळे वर्डप्रेस या प्रणालीवर बांधलेली असतात. ही प्रणाली २००३ साली निघाली व ती विनामूल्य आहे. तिच्यात काम करणाऱ्यांसाठी निरनिराळ्या भूमिका ठरवून दिलेल्या आहेत. ‘ॲडमिन’ यास सर्व अधिकार असतात; तो संकेतस्थळाचा ढाचा बदलू शकतो व सगळे पुसूनही टाकू शकतो. ‘एडिटर’ यास सर्व पानांचा मजकूर बदलता येतो, परंतु ढाच्यास हात लावता येत नाही. विक्रीसाठी वू-कॉमर्स ही जोडणी बसविलेली असल्यास किंमती व मागण्या पाहणाऱ्यासाठी दुकान व्यवस्थापकाची वेगळी भूमिका असते.

बहुतेक गटांत एकच ॲडमिन खाते असते व त्याचा पासवर्ड चार-पाच जणांस ठाऊक असतो. ही पद्धत घातक आहे. कोठीची एकच किल्ली पाच जणांजवळ असली म्हणजे पोते कमी झाल्यावर कोणासच विचारता येत नाही. प्रत्येकाचे खाते वेगळे असावे, आणि ज्याचे जेवढे काम तेवढाच अधिकार त्यास द्यावा. दररोजचा मजकूर बदलण्यास एडिटरचे खाते पुरेसे आहे. ॲडमिनचे खाते दोनच जबाबदार व्यक्तींकडे असावे व ते गरजेपुरतेच उघडावे. एकाकडेच ठेवणेही बरे नव्हे. तो आजारी पडला किंवा नोकरीनिमित्त पुण्यास गेला तर गटाचे दुकान कुलूपबंद होते.

पासवर्ड लांब असावा व तो इतर कोठे वापरलेला नसावा. त्याच्या जोडीस मोबाईलवर येणारा दुसरा सांकेतिक अंक मागण्याची व्यवस्था अवश्य करून घ्यावी. तालुक्याच्या गावी दुसऱ्याच्या संगणकावर बसून काम करावे लागलेच, तर ब्राउझरने ‘पासवर्ड जतन करू का’ असे विचारल्यास नकार द्यावा आणि काम संपताच खात्यातून बाहेर पडावे.

संकेतस्थळाचे नाव कोणाच्या मालकीचे आहे हेही तपासून पाहावे. नाव नोंदविणाऱ्या कारागिराने ते स्वतःच्याच ईमेलवर नोंदविले असेल तर पुढे अडचण उद्भवते. नोंदणी गटाच्या नावे व गटाच्या ईमेलवर असावी. तिची मुदत संपण्याची तारीख दप्तरात लिहून ठेवावी, कारण मुदतीच्या सुमारास ‘तुमचे नाव रद्द होत आहे, येथे पैसे भरा’ अशी बनावट पत्रे येतात. नूतनीकरण नेहमी नोंदणी कंपनीच्या मूळ संकेतस्थळावर स्वतः जाऊन करावे. पत्रातील दुव्यावर बोट ठेवू नये.

आधी राखण, मग फेरबदल

पेरणीपूर्वी शहाणा शेतकरी घरचे बियाणे राखून ठेवतो. पहिली पेरणी उलटली तर दुबार पेरणीस ते उपयोगी पडते. संकेतस्थळाची राखीव प्रत, जीस बॅकअप म्हणतात, तिचे प्रयोजन हेच आहे. वर्डप्रेसच्या संकेतस्थळाचे दोन भाग असतात. एक भाग फायलींचा, त्यात छायाचित्रे व ढाचा येतो; दुसरा भाग डेटाबेसचा, त्यात सर्व मजकूर, किंमती व मागण्या येतात. राखीव प्रतीत दोन्ही भाग असले पाहिजेत. एकच भाग राखल्यास संकेतस्थळ पुन्हा उभे राहत नाही.

ही प्रत ज्या सर्व्हरवर संकेतस्थळ आहे तेथेच ठेवून भागत नाही. कोठीस आग लागली तर कोठीत राखलेले बियाणेही जळते. एक प्रत गटाच्या संगणकावर किंवा पेन ड्राइव्हवर असावी. आणखी असे की, प्रत घेतली एवढ्यावर समाधान मानू नये. वर्षातून एकदा तरी ती कारागिराकडून चाचणीच्या जागी उघडवून घेऊन ती खरोखर चालते की नाही याची खात्री करावी.

एखाद्या पानातील दोन ओळी बदलण्यासाठी प्रत्येक वेळी संपूर्ण प्रत घेण्याची गरज नाही. वर्डप्रेस प्रत्येक पानाच्या जुन्या आवृत्त्या आपोआप राखून ठेवते, व चूक झाल्यास मागील आवृत्ती परत आणता येते. पुसलेले पानही सामान्यतः तीस दिवस कचरापेटीत राहते. परंतु या सोयीच्या मर्यादा ठाऊक असाव्यात. मालाची किंमत, शिल्लक साठा यांसारख्या चौकटींतील आकडे सहसा जुन्या आवृत्तीत राखले जात नाहीत. ते बदलण्यापूर्वी वहीत लिहून ठेवावेत. तसेच छायाचित्रांच्या संग्रहातून पुसलेले छायाचित्र सहसा कचरापेटीत जात नाही, ते कायमचे जाते, आणि ते ज्या ज्या पानांवर लावलेले असेल तेथे तेथे रिकामी चौकट दिसू लागते. म्हणून जुने छायाचित्र नको असल्यास ते पानावरून काढावे. संग्रहातून पुसू नये.

ढाचा किंवा प्लगिन नव्या आवृत्तीस नेताना मात्र संपूर्ण राखीव प्रत आधी घेतलीच पाहिजे. ही नवी आवृत्ती टाळू नये, कारण जुन्या प्लगिनमधील फटींतूनच चोर आत शिरतात. न लागणारे प्लगिन काढून टाकावे आणि फुकट मिळते म्हणून चोरीचा ढाचा कधीही बसवू नये.

मजकूर लिहिताना

मजकूर प्रथम संकेतस्थळाबाहेर लिहावा, दुसऱ्याकडून वाचून घ्यावा, आणि मगच आत नेऊन बसवावा. येथे मराठी लिहिणाऱ्यांना एक अडचण हमखास येते. छापखान्यात किंवा टंकलेखन केंद्रात कृतिदेव, शिवाजी, श्रीलिपी अशा जुन्या वळणांत टंकलेला मजकूर संकेतस्थळावर चिकटविला तर मराठीऐवजी भलतीच अक्षरे दिसतात. संकेतस्थळावरील मराठी ही युनिकोडमध्येच टंकलेली असली पाहिजे. मोबाईलवरील मराठी कळफलक युनिकोडचाच असतो. त्यामुळे मजकूर मोबाईलवर लिहून घेतला तरी चालतो. दुसरे असे की, वर्डमधून उचललेल्या मजकुराबरोबर अक्षरांचे रंग व आकारही लपून येतात व पानाची घडी बिघडते. यास्तव कंट्रोल, शिफ्ट व व्ही या तीन कळा एकदम दाबून केवळ मजकूर चिकटवावा.

छायाचित्र टाकताना त्याचा आकार लहान करावा. मोबाईलवर काढलेले छायाचित्र कित्येक एमबीचे असते. ते तसेच लावले तर ज्या गावात मोबाईलची रेंज क्षीण आहे तेथील ग्राहकास पान उघडेपर्यंत वाट पाहावी लागते, व तो निघून जातो. रुंदी बाराशे पिक्सेलच्या आसपास ठेवल्यास चित्र स्वच्छही दिसते व लवकर उघडते. चित्राच्या मागे भिंतीवर कोणाचे आधार कार्ड, बँकेचे पासबुक किंवा खातेवही तर दिसत नाही ना, हे नीट पाहावे. मोबाईलच्या छायाचित्रात ते कोठे काढले त्या जागेची नोंदही दडलेली असते. घरी काढलेल्या चित्रातून ती आधी काढून टाकावी.

मालाविषयी जे लिहावयाचे ते खरे व सिद्ध करता येईल असेच लिहावे. पाकीटबंद माल संकेतस्थळावरून विकताना वस्तूचे नाव, निव्वळ वजन, सर्व करांसह कमाल किंमत, भरणाऱ्याचे नाव व पत्ता आणि तक्रारीसाठी संपर्क हा तपशील वैधमापन नियमांप्रमाणे पानावरही द्यावा लागतो. अन्नसुरक्षा परवान्याचा क्रमांक चौदा अंकी असतो. एक अंक गळाला तरी ग्राहकाचा विश्वास उडतो. उत्पादक कंपनी संकेतस्थळावरून व्यवसाय करीत असल्यास मुखपृष्ठावर कंपनीचे नाव, नोंदणीकृत कार्यालयाचा पत्ता, नोंदणी क्रमांक, दूरध्वनी, ईमेल व संपर्क व्यक्तीचे नाव देणे आवश्यक आहे. पाने सुंदर करण्याच्या भरात हा मजकूर काढला जातो, तसे होऊ देऊ नये. ‘या तेलाने मधुमेह बरा होतो’ अशा प्रकारची विधाने कायद्याने वर्ज्य आहेत. ‘जैविक भारत’ हे चिन्ह प्रमाणपत्राविना लावू नये, आणि प्रमाणपत्र असल्यास मजकूर बदलताना त्याची मुदत उलटली नाही ना हे पाहावे. ग्राहक संरक्षणाचे ई-वाणिज्य नियम २०२० पासून लागू आहेत व लहान विक्रेताही त्यांतून सुटलेला नाही.

बदल प्रकाशित करताना

सोयाबीनचे घरचे बियाणे पेरण्यापूर्वी आपण ओल्या गोणपाटात शंभर दाणे ठेवून उगवण तपासतो. सत्तर किंवा अधिक दाणे उगवले तरच ते बियाणे शिफारशीच्या प्रमाणात पेरतो. संकेतस्थळावर हीच सोय ‘प्रीव्ह्यू’ या नावाने असते. बदल केल्यावर प्रथम प्रीव्ह्यू उघडावा. त्यात पान ग्राहकास जसे दिसेल तसे दिसते, पण बाहेर कोणास दिसत नाही. ते संगणकावर व मोबाईलवरही पाहावे, कारण ग्राहक बहुधा मोबाईलवरच पाहणार.

प्रकाशित असलेल्या पानात बदल करून ते जतन केले म्हणजे तो बदल त्याच क्षणी सर्वांस दिसू लागतो, हे विसरू नये. अर्धवट काम झाले म्हणून प्रकाशित पान ‘ड्राफ्ट’मध्ये टाकण्याची चूक पुष्कळांकडून होते. तसे करताच ते पान ग्राहकांपुरते नाहीसे होते. मोठा बदल करावयाचा असल्यास पानाची दुसरी प्रत ड्राफ्ट म्हणून तयार करावी, तिच्यात सावकाश काम करावे, आणि पूर्ण झाल्यावर तो मजकूर मूळ पानात न्यावा. कारागिराकडून चाचणीचे वेगळे संकेतस्थळ करून मिळत असेल तर अधिक चांगले.

दोघांनी एकाच वेळी एकाच पानावर काम करू नये. दुसरा कोणी काम करीत असल्याची सूचना वर्डप्रेस देते. ती डावलून पान आपल्या ताब्यात घेतल्यास पहिल्याचे काम वाया जाऊ शकते. फोन करून विचारावे, मग पुढे जावे. वीज जाण्याचा संभव असेल तेव्हा मोठे काम हाती घेऊ नये. सणाच्या तोंडावर, मागण्यांची गर्दी असताना, ढाच्यात बदल मुळीच करू नये. असे काम सणानंतरच्या निवांत आठवड्यासाठी ठेवावे.

पानाचा पत्ता मात्र शक्यतो कधीही बदलू नये. पाकिटे, पत्रके, फलक, ग्राहकांस पाठविलेले संदेश व शोधयंत्रे, या सर्व ठिकाणी तो पत्ता पोचलेला असतो. मजकूर बदलला तरी पत्ता तोच ठेवता येतो. बदलणे अटळच झाले तर जुन्या पत्त्यावर आलेल्यास नव्या पत्त्यावर नेणारा कायमचा वळणमार्ग आधी करून घ्यावा. तो आपोआप होईल असे गृहीत धरू नये. वर सांगितलेल्या गटाची चूक नेमकी येथे झाली.

प्रकाशित केल्यावर

आपल्या संगणकास जुने पान साठवून ठेवण्याची सवय असते. त्यामुळे बदल केल्यावरही कधी जुनाच मजकूर दिसतो, आणि मनुष्य गोंधळून पुन्हा पुन्हा बदल करीत सुटतो. अशा वेळी दुसऱ्याच्या मोबाईलवर किंवा खाजगी खिडकीत पान उघडून पाहावे. किंमत बदलली असल्यास स्वतः एक मागणी नोंदवून शेवटची रक्कम बरोबर येते का हे पाहावे. एकशे साठ रुपयांतील शेवटचे शून्य गळाले तर काय होईल, हे सांगावयास नको. दूरध्वनी क्रमांक बदलला असल्यास संकेतस्थळावरूनच तो लावून पाहावा. हा क्रमांक मुखपृष्ठ, संपर्काचे पान व प्रत्येक पानाचा तळ अशा तीन ठिकाणी असतो. एके ठिकाणी बदलून दोन ठिकाणी जुनाच राहिल्याची उदाहरणे नित्य आढळतात. पैसे भरण्याचे क्यूआर चिन्ह बदलले असल्यास एक रुपया स्वतः पाठवून तो गटाच्याच खात्यात जमा झाला याची खात्री करावी. शेवटी पाकिटावरील चिन्हासमोर मोबाईल धरून पाहावा.

या सर्वांची नोंद ठेवण्यासाठी एक साधी वही पुरते. तारीख, कोणते पान, आधी काय होते, आता काय केले, कोणी केले व कोणी तपासले, असे सहा रकाने आखावेत. साठ्याची वही जशी मासिक सभेत पाहिली जाते तशी हीही पाहावी. करणारा व तपासणारा हे दोघे वेगळे असावेत. तपासणाऱ्यास संगणकाचे ज्ञान असण्याची आवश्यकता नाही. पाकिटे भरणाऱ्या एखाद्या ताईंनी आपल्या मोबाईलवर पान उघडून "किंमत बरोबर आहे, वजन बरोबर आहे" एवढे सांगितले तरी तपासणी झाली. किंबहुना ग्राहक ज्या नजरेने पाहतो ती नजर त्यांचीच असते.

विपरीत घडल्यास

चूक ध्यानात येताच प्रथम तिचे टिपण करावे व पडद्याचे छायाचित्र घ्यावे. मग मागील आवृत्ती परत आणावी. घाबरून एकामागून एक बदल करू नयेत. चुकीच्या किमतीस मागण्या आल्या असतील तर त्याच दिवशी प्रत्येक ग्राहकास फोन करून खरी गोष्ट सांगावी, आणि पैसे घेतले असल्यास ते परत करावे किंवा सांगितलेल्या किमतीस माल द्यावा. काय करावयाचे ते गटाने आधीच ठरवून ठेवलेले बरे.

संकेतस्थळावर आपण न लिहिलेला मजकूर, अनोळखी जाहिराती किंवा दुसऱ्याचे पैसे भरण्याचे चिन्ह दिसले, तर चोर आत शिरला असे समजावे. सर्व पासवर्ड तत्काळ बदलावेत, अनोळखी खाती बंद करावीत, सर्व्हर देणाऱ्या कंपनीस कळवावे आणि चोरीपूर्वीच्या राखीव प्रतीवरून संकेतस्थळ उभे करावे. ग्राहकांची फसवणूक होऊन पैसे गेले असतील तर १९३० या राष्ट्रीय क्रमांकावर विनाविलंब तक्रार नोंदवावी. तक्रार जितकी लवकर, तितकी रक्कम अडविली जाण्याची शक्यता अधिक.

गावपातळीवरील कार्यकर्त्यांस

आपल्या कार्यकर्त्या बंधुभगिनींनी या कामी गटास मदत करावी. पण गटाचा पासवर्ड स्वतःजवळ घेऊन त्यांचे काम आपण करून देऊ नये. उद्या आपली बदली झाली म्हणजे गट पुन्हा परावलंबी होतो, व काही बिघडल्यास आपल्यावरही विनाकारण ठपका येतो. गटातील दोघांस शेजारी बसवावे, त्यांच्याच हातून एक ओळ बदलवून घ्यावी आणि जुनी आवृत्ती परत कशी आणावयाची हेही त्यांच्याच हातून करवून घ्यावे. बदल परत फिरविता येतो हे एकदा स्वतः अनुभवले म्हणजे मनातील भीती जाते. पुढील सूचना कागदावर लिहून गटाच्या कार्यालयात लावाव्यात :

१. प्रत्येकाचे खाते वेगळे, ॲडमिन दोघांकडेच.
२. राखीव प्रत दर आठवड्यास. एक प्रत सर्व्हरबाहेर.
३. जुने आकडे आधी वहीत, मग पडद्यावर बदल.
४. मजकूर युनिकोडमध्ये, छायाचित्र लहान करून.
५. प्रीव्ह्यू पाहिल्याशिवाय प्रकाशन नाही.
६. पानाचा पत्ता बदलावयाचा नाही.
७. प्रकाशनानंतर दुसऱ्याच्या मोबाईलवर तपासणी.
८. किंमत, दूरध्वनी व पैसे भरण्याचे चिन्ह प्रत्यक्ष वापरून पाहावयाचे.
९. सणाच्या तोंडावर ढाच्यात बदल नाही.
१०. चूक झाल्यास लपवावयाची नाही. त्याच दिवशी सांगावयाची.

ज्या गटाची हकिकत आरंभी सांगितली त्याने पुढे आपला ठराव मागे घेतला. आता दर सोमवारी सकाळी सचिव किंमती व साठा पाहतो, पाकिटे भरणाऱ्या महिलांपैकी एक ताई आपल्या मोबाईलवर तपासते आणि दोघेही वहीत सही करतात. या कामास अर्धा तास लागतो. गेल्या दिवाळीपूर्वी त्यांनी एक अंकाची चूक केली होती. ती सोमवारीच दहा वाजण्याच्या आत सापडली व दुरुस्त झाली. ग्राहकास तिची वार्ताही लागली नाही.

चुका होणारच. त्या लवकर सापडाव्यात व मागे घेता याव्यात एवढी तजवीज केली म्हणजे पुरे आहे. आपल्या जिल्ह्यातील प्रत्येक गटाने येत्या मासिक सभेत हा विषय घ्यावा, वही आखावी व दोन माणसे नेमावीत. हंगाम सुरू होण्यापूर्वी औजारे दुरुस्त करून ठेवण्याची आपली रीतच आहे. त्या यादीत आता हे एक औजार वाढवावे.